जुन्या चलनी नोटांची परीक्षा

एखाद्या पत्राची कड कसरीनें खाल्ली आहे, किंवा घडीवर त्याचे दोन तुकडे झाले आहेत, एवढ्यावरून तें टाकाऊ ठरविणारा संग्राहक आपल्या वाचकांत सांपडणार नाहीं. अक्षर, कागद, शिक्का, मिति व मजकूर तपासूनच आपण पत्राची योग्यता ठरवितों. परंतु तोच संग्राहक जुनी चलनी नोट हातीं येतांच ती कोरी आहे काय, एवढेंच विचारतो. विक्रेत्यांच्या याद्यांनींहि हीच दृष्टि रूढ केली आहे. बिनघडीची नोट अग्रभागीं, घडीची मध्यें व कापून जोडलेली अगदीं शेवटीं, असा त्यांचा क्रम. हा क्रम ऐतिहासिक परीक्षेस कितपत उतरतो, हें येथें पाहावयाचें आहे.

इ. स. १८६१ च्या कायद्यानें नोटा काढण्याचा अधिकार बंगाल, मुंबई व मद्रास येथील बँकांकडून हिंदुस्थान सरकारकडे गेला. प्रथम राणीच्या चित्राच्या नोटा निघाल्या. त्यांच्या बनावट नकला होऊं लागल्यामुळें १८६७ पासून रंगीत नक्षीवर छापलेल्या नोटा आल्या, व ती धर्ती १९२३ पर्यंत बहुतांशीं टिकली. या नोटांची एकच बाजू छापलेली असून पाठ कोरी असे. शिवाय प्रत्येक नोट एका चलनविभागाची असे. आरंभीं कलकत्ता, मुंबई व मद्रास हे विभाग होते. पुढें नागपूर, अकोला इत्यादि विभागांचीं नांवेंहि नोटांवर आलीं. नोटेचे रुपये हक्कानें मागण्याची सोय मुख्यतः त्या त्या विभागापुरतीच होती. हें बंधन पांचांच्या नोटेपुरतें, ब्रह्मदेश वगळून, १९०३ सालीं सुटलें. दहांच्या व पन्नासांच्या नोटांचें १९१० सालीं व शंभरांच्या नोटेचें १९११ सालीं.

आतां कापलेल्या नोटेकडे वळूं. हुंडी टपालांत गहाळ झाली तर पेठ लिहून देत, व पेठहि हरवल्यास परपेठ. नोटेस अशी पेठ नाहीं; ती ज्याच्या हातीं त्याची. म्हणून परगांवीं रक्कम धाडणारे लोक नोटेचे मधोमध दोन भाग करीत, एक भाग आधीं रवाना करीत व त्याची पोंच आल्यावर दुसरा पाठवीत. घेणारा दोन्ही भाग जोडून नोट वटवी. तेव्हां ही कापणी नोटेचें व्यंग नसून तिच्या प्रवासाचा पुरावा होय. ज्या यादींत तिची नोंद केवळ 'फाटकी' अशी होते, ती यादी पुराव्यालाच दोष म्हणते.

अर्थात् प्रत्येक जोड विश्वासार्ह नसतो. क्रमांक दोन्ही भागांवर छापलेला असे. म्हणून प्रथम ते दोन क्रमांक ताडून पाहावे. नंतर नोट उजेडापुढें धरून कागदांतील नागमोडी जलचिन्ह जोडापाशीं सलग येतें कीं नाहीं, हें तपासावें. क्रमांक निराळे निघाल्यास दोन नोटांचे अर्ध एकत्र केले आहेत हें उघड आहे. मग ती नोट कितीहि स्वच्छ असो.

कालनिर्णयांतहि सावधगिरी हवी. जलचिन्हांतील संकेत कागद बनविणाराचे असतात. त्यांस नोटेचें वर्ष समजल्यानें पुष्कळ घोटाळे झाले आहेत. छापील सालहि नेहमीं चलनाचें साल नसतें. पांचव्या जॉर्जच्या चित्राची, १९३५ सालची एक रुपयाची नोट लोकांच्या हातीं आली ती १९४० सालीं, म्हणजे तो राजा वारल्यावर चार वर्षांनीं.

विक्रेत्यांच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, ज्या नोटेच्या असंख्य प्रती उरल्या आहेत तिच्यांत कोरेपणास अधिक किंमत येणें रास्तच आहे. परंतु जेथें प्रती थोड्या, तेथें विभाग, तारीख, सही व वापराच्या खुणा यांनींच मोल ठरलें पाहिजे. बाजारभाव व पुराव्याचें मोल या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. त्यांची गल्लत झाल्यानें खरी हानि होते, ती अशी : भाव चढावा म्हणून नोटा धुतात, दाबून सपाट करितात, जोडपट्टी सोडवितात, व कोऱ्या पाठीवरील शाईच्या सह्या, आंकडे आणि पेढ्यांचे शिक्के पुसून टाकितात. ती नोट कोणाच्या हातून गेली हें सांगणारा बहुधा तेवढाच लेख असतो, आणि एकदां पुसला कीं तो पुन्हां वाचतां येत नाहीं.

यास्तव संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, नोट आहे त्या स्थितींत ठेवावी, आणि नोंदींत किंमत, विभाग, तारीख, सही व दोन्ही क्रमांक देऊन पाठीवरील सर्व लेखन जसेंच्या तसें उतरून घ्यावें. स्वच्छतेचा शेरा लिहावयाचाच असेल तर तो सर्वांच्या शेवटीं लिहावा.