‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाची तपासणी

परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. हा सारा टापू रब्बी ज्वारीचा आणि तिच्या जोडीने येणाऱ्या करडईचा. अशा भागातही आता घाणीच्या तेलाशेजारी पिशवीबंद तेल आले आणि त्याबरोबर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्दही आला. या शब्दाबद्दल आमचा आक्षेप आहे. तो खोटा नाही, पण सांगायला हवे तेच तो झाकून ठेवतो.

कोलेस्टेरॉल हे मुख्यतः प्राण्यांच्या शरीरात बनते. वनस्पतींत त्याचे प्रमाण नगण्य असते. तेव्हा करडई, शेंगदाणा, खोबरे यांपैकी कोणतेही तेल ‘मुक्त’च! वनस्पती तूपही ‘मुक्त’च होते. पण त्यातील ट्रान्स मेद रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवत होता. भारतात त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आली ती 2022 साली.

खरा प्रश्न असा की, तेल पोटात गेल्यावर काय करते? रक्तातील बरेचसे कोलेस्टेरॉल आपले शरीरच तयार करते. ते वाहून नेणारे एलडीएल कण यकृताच्या पेशी आपल्या ग्राहकांच्या साहाय्याने टिपून घेतात. संपृक्त मेदाम्ले जास्त झाली की हे ग्राहक कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. खोबरेल तेलात अशी मेदाम्ले सुमारे 90 टक्के असतात. नेहमीच्या करडई तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. संपृक्त मेदाच्या जागी ते आले, तर एलडीएल उतरते.

तेलात वनस्पती-स्टेरॉलही असतात. कोलेस्टेरॉलशी साम्य असल्याने ते आतड्यात त्याची जागा अडवतात व त्याचे शोषण घटवतात. मात्र ठळक परिणामासाठी रोज सुमारे 2 ग्रॅम लागतात. मोठ्या चमचाभर करडई तेलात ते 100 मिलिग्रॅमही भरत नाहीत.

मग करडईचे तेल हेच औषध समजावे काय? इथे सिडनीचा प्रयोग आठवावा. 1966 ते 1973 या काळात 458 हृदयरुग्णांपैकी एका गटाला करडईचे तेल व त्यापासूनचे मार्गारिन दिले गेले. त्या गटाचे कोलेस्टेरॉल उतरले. परंतु 2013 साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत त्या गटातील मृत्यू 17.6 टक्के, तर दुसऱ्या गटातील 11.8 टक्के आढळले. मार्गारिनमध्ये ट्रान्स मेद असावा, अशी शंका काही तज्ज्ञांनी घेतली. इतर अनेक प्रयोग एकत्र पाहिल्यास संपृक्त मेदाऐवजी असंपृक्त मेद घेणे हृदयाला हितकारक दिसते. तरीही रक्तातला एक आकडा उतरला म्हणजे प्रकृती सुधारली, असे समीकरण मांडता येत नाही.

शिक्षकांनी वर्गात तेलाच्या रिकाम्या पिशव्या मागवाव्यात. मोठ्या अक्षरांतला शब्द बाजूला ठेवून मागचा बारीक अक्षरांतला तक्ता मुलांकडून वाचून घ्यावा. संपृक्त मेद किती, ट्रान्स मेद किती, हे त्यांनाच शोधू द्यावे. जाहिरात वाचायला शिकणे हाही विज्ञानाचाच पाठ आहे.