थट्टा, वावडी आणि उत्तराचा हक्क

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. आपण बसलो आहोत अच्छाडला. गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर, महामार्गावर ट्रकांची रीघ. इथे इंग्लंडच्या जॉर्जियन काळातल्या उमरावांची थट्टामस्करीची पत्रं आणि त्यांच्या लग्नाप्रेमाच्या कुचाळक्या यांचं काय काम? आमचं म्हणणं असं की काम आहे, आणि ते शेवटी आपल्याच गावाशी येऊन पोचतं.

आधी तारखा बघू. पहिला जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला १७१४ साली, चौथा जॉर्ज वारला १८३० साली. मधला काळ तो जॉर्जियन. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं १७१३ साली आणि पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे शंभर वर्षं हे दोन समाज जवळजवळ एकाच घड्याळावर चालले. दोन्हीकडे सरदार होते, वाडे होते, लग्नं जुळत होती, मोडत होती. दोन्हीकडे कागद अफाट. होरेस वॉलपोल या एका माणसाच्या पत्रव्यवहाराची येल विद्यापीठाची आवृत्ती ४८ खंडांची आहे. इकडे सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दफ्तराचे निवडक खंडच ४५ आहेत. मग तिकडे प्रेमाची खेळकर पत्रं ढिगानं, आणि इकडे नवराबायकोच्या पत्रातसुद्धा मायना, कुशल आणि ‘बहुत काय लिहिणे’, असं का व्हावं?

याची दोन तयार उत्तरं आहेत. एक : आपले पूर्वज गंभीर, मर्यादशील होते, ते लोक उथळ. दुसरं : ते मोकळे होते, आपण कोंडलेले. ही दोन्ही उत्तरं आम्हाला आळशी वाटतात. ती माणसांच्या स्वभावाबद्दल बोलतात. आपण लेखणी कुणाच्या हातात होती ते विचारू.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिचं उदाहरण घेऊ. ही सरदारघराण्यातली मुलगी. बापानं दुसरीकडे लग्न ठरवलं म्हणून १७१२ साली एडवर्ड वर्टलीबरोबर पळून गेली. त्याआधी दोघांची पत्रं चालली होती. त्यांत प्रेम कमी आणि वाद जास्त. पुढे नवऱ्याबरोबर ती कॉन्स्टँटिनोपलला गेली, तेव्हा अलेक्झांडर पोप हा मोठा कवी तिला लाडिक, खेळकर पत्रं पाठवत असे. नंतर दोघांचं फाटलं. का फाटलं, याच्या वदंता अनेक आहेत. पोपनं आपल्या उपहासकाव्यात तिला चव्हाट्यावर आणलं. १७३३ साली त्याचा एक जहरी टोला छापून आला आणि त्याच वर्षी त्याला पद्यातच सणसणीत उत्तर छापलं गेलं. ते निनावी होतं. पण ते तिचं आणि तिचे मित्र लॉर्ड हर्वी यांचं, असं तेव्हाही मानलं गेलं, आजही मानलं जातं. उत्तर पोपच्या तोडीचं होतं का, हा प्रश्न वेगळा. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की उत्तर आलं.

आता त्याच दशकात इकडे या. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांची मोहीम आपल्याच या किनाऱ्यावर चालू होती. डहाणू, तारापूर इथली पोर्तुगीज ठाणी त्याच मोहिमेत पडली आणि मे महिन्यात वसई आली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडला. त्याच्या आईला पेशव्यांच्या घरातून गेलेलं सांत्वनाचं पत्र इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. ते वाचल्यावर, या घराला मनातलं लिहिता येत नव्हतं असं कुणी म्हणणार नाही.

पण वर्ष उलटायच्या आत याच घरात मस्तानीचं प्रकरण पेटलं. १७३९-४० च्या हिवाळ्यात बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात अटकेत ठेवलं गेलं. याबद्दल पत्रं आहेत. चिमाजी अप्पा आणि नानासाहेब यांच्यात तिच्याविषयी लिहिणं झालं. बाजीरावांचं मन दुखवू नये असा छत्रपती शाहूंचा सूर होता, हेही पत्रांतूनच कळतं. एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिच्याबद्दल सासरच्यांनी लिहिलं, मुत्सद्द्यांनी लिहिलं, पुढे बखरकारांनी लिहिलं. ती स्वतः काय म्हणाली ते मात्र या साऱ्या कागदांत ऐकू येत नाही.

इथून आमचं मुख्य म्हणणं सुरू होतं. थट्टा आणि वावडी या दोन गोष्टी दिसायला सख्ख्या बहिणी. दोन्हींत हसू आहे, दोन्हींत कुणाच्या तरी खाजगी आयुष्याला हात घातलेला आहे. मग फरक कसा ओळखायचा? शब्द किती तिखट आहे यावरून ओळखू नका. जिच्याबद्दल बोललं जातंय तिला उलट बोलता येतं का, ते बघा. उत्तराला जागा असेल तर ती थट्टा; मग ती कितीही झोंबो. जागा नसेल तर तेच वाक्य शिक्षा होतं. थट्टेला दोघं लागतात. एकानंच खेळलेला खेळ म्हणजे नेमबाजी.

आपल्याकडे बायका लिहीत नव्हत्या असं नाही. गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, पाठवलेली उपदेशाची कलमं प्रसिद्ध आहेत. म्हणजे स्त्रीच्या पत्राला परवाना होता. पण तो आजीनं उपदेश करण्याचा होता, तरुण बाईनं चेष्टा करण्याचा नव्हता. त्यातून पुष्कळदा पत्र सांगणारा एक, मोडीत उतरवणारा कारकून दुसरा आणि पलीकडे वाचून दाखवणारा तिसरा. चौघांच्या हातून जाणाऱ्या कागदावर कोण कुणाची मस्करी करील?

आणि एका बाईनं लेखणी धरली असं आपण मानतो, तिचं काय केलं ते आठवा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईनं केलं, ही गोष्ट मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला येते. ते अक्षर फिरवलेला मूळ कागद कुणाच्या हाती लागलेला नाही. तरी ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार झाला. मस्तानीच्या हाती लेखणी दिसत नाही म्हणून तिची गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली. आनंदीबाईच्या हाती ती दिली, तर एका अक्षराच्या गुन्ह्यासाठी दिली.

मग पेशवाईतला खेळकरपणा गेला कुठे? तो लावणीत गेला. रामजोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या लावण्यांत बाई रुसते, टोमणे मारते, निरोप धाडते. मोठी कविता आहे ती. पण तिथे बाईचं बोलणं पुरुष कवीनं रचलेलं आहे. विसाव्या शतकात हेच काम कादंबरीनं केलं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची. रमाबाई आणि माधवराव एकांतात काय बोलले असतील, मस्तानी काय म्हणाली असेल, ते या लेखकांनी आपल्याला ऐकवलं आणि आपण गहिवरलो. लेखकाला तो अधिकार आहेच. आमची तक्रार वाचकाशी आहे. दफ्तरातली रिकामी जागा कादंबरीनं भरली आणि आपण ती भरलेली जागाच दफ्तर म्हणून सांगू लागलो. उसनं उत्तर मिळालं की खरं उत्तर नव्हतं याची टोचणी जाते. ती टोचणी शिल्लक ठेवणं हे समीक्षेचं काम आहे, असं आम्हाला वाटतं.

आता उलट्या बाजूचा हिशेबही करू, नाहीतर आम्ही विलायतेचे गोडवे गातो असं व्हायचं. डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना ही लंडनची लाडकी. १७८४ च्या वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत ती फॉक्ससाठी मतं मागत फिरली, तर मतासाठी खाटकाला मुका दिला म्हणून तिची व्यंगचित्रं निघाली. तेवढं तिनं झेललं. पण चार्ल्स ग्रेपासून तिला १७९२ साली मुलगी झाली, तेव्हा ती मुलगी ग्रेच्या आईवडिलांकडे सोपवावी लागली. तिथे डचेसलाही तोंड उघडता आलं नाही. आणि लेडी मेरीची आयुष्यभराची रोजनिशी? १७९४ साली तिच्याच मुलीनं, घराण्याच्या अब्रूखातर, जाळली. म्हणजे उत्तराचा हक्क तिकडेही पैशानं, छापखान्यानं आणि घराण्याच्या मर्जीनं बांधलेला होता.

मराठीत ही कोंडी फोडणारं एक उदाहरण सांगतो. कल्याणच्या घरातली आनंदी जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली. तिथून तिनं नवऱ्याला, गोपाळरावांना, मराठीत पत्रं लिहिली. त्यांत माया आहे, आदर आहे, आणि लहानपणी सोसलेल्या माराचा स्पष्ट जाबही आहे. काशीबाई कानिटकरांनी तिचं चरित्र प्रसिद्ध केलं, त्यात या पत्रांचा आधार आहे. एका आनंदीबाईची गोष्ट अक्षर फिरवण्याची. शंभर वर्षांनी दुसऱ्या आनंदीबाईनं स्वतःच्या अक्षरात उत्तर दिलं.

आणि आता इथे, तलासरीत. इथल्या वारली माणसाचं लग्न कागदावर आलं ते सावकाराच्या वहीत. लग्नाला कर्ज घ्यायचं आणि नवराबायकोनं जमीनदाराकडे राबून फेडायचं. हे लग्नगडी. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ते लिहून ठेवलं आहे. १९४५ च्या मे महिन्यात झरीला सभा झाली आणि त्या लढ्यात ही वेठ मोडली. उमरावाच्या पत्रांचे ४८ खंड, आणि इथल्या जोडप्याच्या लग्नाची वहीतली एक ओळ, तीही अंगठ्याखालची. पण थट्टा इथे होतीच. धवलेरी लग्न लावताना गाते, बायका गाण्यांतून दुसऱ्या पक्षाची टर उडवतात आणि दुसरा पक्ष तिथल्या तिथे परतफेड करतो. आमच्या कसोटीवर ही थट्टा लंडनच्या दिवाणखान्यापेक्षा अस्सल ठरते, कारण उत्तर मांडवातच मिळतं.

शेवटचं बोलतो. आज प्रत्येकाच्या खिशात लेखणी आहे. अच्छाडची मुलगी उंबरगावच्या कारखान्यात जाते, तिच्या फोनवर मस्करी चालते, चालावी. पण त्या दोघांतल्या चार ओळींचा कुणी स्क्रीनशॉट काढतो, गावाच्या ग्रुपवर टाकतो, आणि त्या ग्रुपमध्ये ती मुलगीच नसते. शब्द तेच, पण आता उत्तराची जागा गेली. ‘बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार’ असं आपण म्हणतो. तोंड धरायला आम्ही सांगत नाही. पुढे धाडण्याआधी एवढंच विचारा : जिच्याबद्दल हे आहे ती इथे आहे का, आणि ती बोलली तर आपण ऐकून घेणार आहोत का? दोन्हीला ‘हो’ म्हणता येत नसेल, तर तो मजकूर आपल्या फोनवरच थांबवा.