ग्रीक पुराणकथांतील विकराळ प्राणी आणि मराठी तारकानामे

ग्रीक पुराणकथांतील विकराळ व संमिश्र प्राणी मराठीत भाषांतरित गोष्टींच्या द्वारे आले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांपैकी कित्येक प्राणी मराठी खगोलविषयक लेखनात मराठी नावे धारण करून स्थिरावले आहेत. सीटस हा तिमिंगल झाला, सेंटॉर हा नरतुरंग, पेगॅसस हा महाश्व आणि हायड्रा हा सर्प वासुकी. ही नामावली परिभाषेचा एक कोरडा भाग म्हणून वाचली जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे भाषांतर म्हणून पाहावयाचे आहे. कारण नावाबरोबर कथाही बदलते काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नाही.

या व्यवहाराचा जुना टप्पा राशिनामांचा होय. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहज्जातका’त संस्कृत राशिनामांबरोबर क्रिय, तावुरि, जितुम अशी ग्रीक शब्दांची रूपेही आढळतात. त्यांतील ‘आकोकेर’ हे ग्रीक ‘आइगोकेरोस’चे रूपांतर असून त्याचा अर्थ बोकडाच्या शिंगांचा असा आहे. ग्रीकांचा हा प्राणी पुढून बोकड व मागून मासा. आपल्याकडे उसना शब्द मागे पडला आणि ‘मकर’ टिकला; मात्र वराहमिहिराने या राशीच्या मकराला मृगाचे मुख दिले आहे, त्यात मूळच्या बोकडाची खूण दिसते. मकराला इथे स्वतःचे घर होते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात, दर्शनी भागी, गंगा मकरावरच उभी आहे. परका प्राणी अशा नांदत्या घरात आला, म्हणून तो उपरा वाटला नाही.

नरतुरंगाची गोष्ट निराळी. किन्नर हा शब्द हाताशी असताना तो वापरला गेला नाही, हे योग्यच झाले. किन्नर तुरंगवदन, म्हणजे घोड्याच्या तोंडाचा. सेंटॉर वरून मनुष्य व खालून घोडा. ‘नरतुरंग’ या समासातील पदांचा क्रम शरीररचनेच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो. तथापि हा शब्द अचूक असूनही मुका आहे. लॅपिथांच्या विवाहात दंगा करणारे सेंटॉर किंवा वीरांचा गुरू असलेला सुज्ञ कायरन, यांतले काहीही तो सुचवीत नाही. ‘महाश्व’ या नावात तर घोड्याचे पंखही उरले नाहीत आणि मेड्यूसाच्या रक्तातून झालेला त्याचा जन्मही उरला नाही.

याहून धाडसी प्रयोग पर्सियसच्या कथेबाबत झाला. पर्सियस ययाति झाला, अँड्रोमीडा देवयानी, कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि सीफियस वृषपर्वा. येथे शब्दामागून शब्द न देता कथेच्या जागी कथा ठेविली आहे. संकटातील युवतीला वाटसरू राजा वाचवितो आणि संकटाच्या मुळाशी एका राजस्त्रीचा गर्व असतो, हे साम्य निवड करणाराची मार्मिकता दाखविते. नाती मात्र हलली. सीफियस अँड्रोमीडाचा पिता व कॅसिओपियाचा पती. वृषपर्वा हा शर्मिष्ठेचा पिता, आणि देवयानी शुक्राचार्यांची कन्या. वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या ‘ययाति’नंतर तर मराठी वाचकाला हे नाव वीराचे न वाटता अतृप्त भोगलालसेचे वाटते.

परंतु सर्वांत मोठी अडचण तिमिंगलाची आहे. ग्रीक कथेत समुद्रदेव पोसायडन राजस्त्रीच्या गर्वाची शिक्षा म्हणून सागरी राक्षस पाठवितो. त्याच्यावाचून अँड्रोमीडाला खडकाशी बांधण्याचे कारण उरत नाही. ‘आदिपर्वा’तील कथेत देवयानी विहिरीत पडते ती वस्त्रांवरून झालेल्या भांडणामुळे, शर्मिष्ठेच्या हातून. तेथे समुद्र नाही आणि राक्षसी मत्स्यही नाही. संस्कृत ‘तिमिंगिल’ म्हणजे तिमि नावाच्या महामत्स्याला गिळणारा. ‘गिळणे’ या आपल्या क्रियापदाशी त्याचे सरळ नाते आहे. हा शब्द आकारमानाची भीती सांगतो, दैवी शिक्षेची सांगत नाही. त्यामुळे मराठी आकाशात देवयानीपासून जवळच असलेला तिमिंगल बिनकामाचा पडला आहे.

हा निव्वळ नामकरणाचा दोष मानणे उथळपणाचे होईल. दोन पुराणपरंपरांनी भयाला दिलेल्या जागाच भिन्न आहेत. ग्रीक कथेत भय समुद्रातून, माणसांच्या वस्तीबाहेरून येते. महाभारताच्या या कथेत असुरराज वृषपर्व्याला दरबार आहे, आचार्य आहे, लाडकी लेक आहे. ज्याला आपण राक्षसकुळातील म्हणू तो चारचौघांसारखा बाप आहे आणि अनर्थ दोन मुलींच्या मत्सरातून घडतो. विकराळ प्राण्याची येथे गरजच राहत नाही.

पर्सियसच्या हातातील मेड्यूसाचे मस्तक दाखविणाऱ्या ताऱ्याचे अरबी नाव राक्षसाचे मस्तक अशा अर्थाचे आहे. मराठीत तो ‘मायावती’ झाला. त्याची तेजस्विता सुमारे २ दिवस २१ तासांच्या अंतराने घटते व पुन्हा वाढते, कारण एक तारा दुसऱ्याला ग्रासतो. रूप पालटणाऱ्या ताऱ्याला हे नाव शोभते. परंतु पाहणाऱ्याला दगड करणारी दृष्टी त्यातून निसटली आहे. निरीक्षण राहिले, दहशत गेली.

तेव्हा ही नावे टाकून ग्रीक उच्चार स्वीकारावेत काय? तसे करण्याने अर्थ परत येणार नाही. केवळ अपरिचय वाढेल. भाषांतराची कसोटी सुट्या शब्दावर न लावता त्या शब्दांच्या परस्परसंबंधांवर लावली पाहिजे. त्या कसोटीवर मकर पूर्ण उतरतो, नरतुरंग अर्धा उतरतो आणि तिमिंगल उतरत नाही. पाठ्यपुस्तकात देवयानीची गोष्ट सांगताना अँड्रोमीडाचीही सांगितली जावी, आणि दोहोंमध्ये भय कोठे राहते हे विद्यार्थ्याला विचारावे. त्या प्रश्नाच्या उत्तरात तिमिंगलाला त्याचे काम पुन्हा मिळेल.