‘चमचा’ : एका घरगुती शब्दाची व्युत्पत्ती आणि तिच्या मर्यादा

भातसेच्या काठावरील खडवली असो वा जवळचे कल्याण, घरातील फडताळात पळी, डाव आणि चमचा शेजारी शेजारी असतात. यांपैकी ‘चमचा’ हा संस्कृत ‘चमस’पासून आला, असे अध्यापनात पुष्कळदा सांगितले जाते. हे मत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

‘चमस’ म्हणजे सोमपानाचे लाकडी पात्र. त्याचा संबंध ‘आचमन’ शब्दातील ‘चम्’ धातूशी जोडला जातो. देवघरातील आचमन पळीने होत असल्याने हे अर्थसाम्य अधिकच पटते. तथापि ध्वनिनियम त्यास अनुकूल नाहीत. दोन स्वरांमधील ‘म’चा मराठीत सामान्यतः ‘व’ होतो. ‘ग्राम’चे ‘गाव’, ‘नाम’चे ‘नाव’ झाले. मग येथे ‘म’ टिकला कसा आणि ‘स’चा ‘च’ झाला कसा, याचा उलगडा होत नाही. अर्थसाम्य हा शोधाचा आरंभ होय, पुरावा नव्हे.

दुसरा मार्ग फार्सीतून तुर्की भाषाकुलाकडे जातो. महमूद काश्गरी याने इ. स. १०७०च्या दशकात बगदादमध्ये सिद्ध केलेल्या तुर्की कोशात ‘च्योम्चे’ हा शब्द ओगराळ्याच्या अर्थाने आढळतो. उझबेकी ‘चोमिच’ त्याच कुळातला. रशियन ‘चुमिच्का’ तुर्कीतूनच उसना घेतलेला. या रूपांवरून ‘पाण्यात बुडणे’ या अर्थाचा मूळ धातू कल्पिला जातो. बुडवून काढावयाचे साधन, हा अर्थ समर्पक आहे.

परंतु या पुनर्रचनेलाही चिकित्सा लागू होते. कझाख भाषेत बुडण्याच्या क्रियापदातील स्वर पश्च, तर ओगराळ्याच्या नावातील स्वर अग्र आहे. तुर्कीत स्वरसंवादाचा नियम काटेकोर असल्याने हा भेद उपेक्षणीय नाही. शिवाय ‘बगीचा’ शब्दात दिसणारा लघुत्वदर्शक प्रत्यय फार्सीचाही आहे. म्हणून अकराव्या शतकातील नोंद हे प्रमाण, तर धातू हे अनुमान मानावे लागते.

माधव ज्यूलियन यांच्या १९२५च्या ‘फार्शी-मराठी कोशा’नंतर मराठीतील उसन्या शब्दांचा अभ्यास अभिमान वा संकोच यांच्या आधारे करण्याचे कारण उरले नाही. ‘चमचेगिरी’ या शब्दातील ‘गिरी’ हा प्रत्ययही फार्सीच; त्यामागील ‘चमचे’ हे रूप मात्र मराठी व्याकरणाचे आहे. शब्द परका असूनही भाषेने तो आपल्या नियमांत बसविला. प्रमाण आणि अनुमान यांतील सीमारेषा विद्यार्थ्यापुढे स्पष्ट ठेवणे, हेच व्युत्पत्तीच्या अध्यापनाचे खरे प्रयोजन होय.