जुन्या डिझेल इंजिनांची छायाचित्रे आणि उसना शोक

मराठीत रेल्वेगाडीला 'आगगाडी' हे नाव पडले तेव्हा ते शब्दशः खरे होते. गाडीच्या अग्रभागी भट्टी होती, भट्टीत विस्तव होता आणि रात्री तो दुरून दिसत असे. पुढे विस्तव दिसेनासा झाला, शब्द मात्र टिकला. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी सुरू झाली. त्यानंतरही कितीतरी वर्षे मुंबईकरांच्या बोलण्यात आगगाडी राहिलीच. वस्तू बदलते आणि शब्दाचा जुना अर्थ मागे रेंगाळतो, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला नवी नाही. चित्रांच्या बाबतीतही असेच घडते. परंतु तेथे ते सहसा ध्यानात येत नाही. सेवेच्या अखेरीस आलेल्या डिझेल इंजिनांची जी छायाचित्रे अलीकडच्या वर्षांत हौशी आणि व्यवसायी छायाचित्रकारांनी घेतली आहेत, त्यांचे परीक्षण ह्या दृष्टीने करण्याजोगे आहे.

ह्या छायाचित्रांचा नायक बहुधा एकच असतो. अमेरिकेतील 'आल्को' कंपनीच्या आराखड्याचे 'डब्ल्यूडीएम-२' हे २,६०० अश्वशक्तीचे इंजिन १९६२ मध्ये भारतात आले आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. अडीच हजारांहून अधिक संख्येने बांधल्या गेलेल्या ह्या इंजिनाने आणि त्याच्या सुधारित वंशजांनी देशातील वाहतुकीचा भार काही दशके वाहिला. २०१८ मध्ये संपूर्ण ब्रॉडगेज जाळ्याच्या विद्युतीकरणाचा निर्णय झाला, वाराणसीच्या कारखान्याने विजेच्या इंजिनांचे काम हाती घेतले आणि २०२० मध्ये त्याच्या नावातला 'डिझेल' हा शब्दही गेला. एवढ्या थोड्या काळात एवढी मोठी पिढी मोडीत निघू लागल्यावर छायाचित्रकारांनी घाई करावी, हे स्वाभाविकच होय.

ह्या घाईत त्यांनी टिपले काय? सर्वांत लोकप्रिय चित्र धुराचे आहे. इंजिन स्थानकातून निघते, चालक शक्ती वाढवितो आणि छतावरून काळा लोट आकाशात उसळतो. हा लोट आल्को इंजिनाची जणू ओळखच मानला जातो. वस्तुतः त्याचे कारण अगदी साधे आहे. चालकाने मागणी केल्याबरोबर सिलिंडरात इंधन अधिक जाते. परंतु जादा हवा पुरविणारा टर्बोचार्जर वेग घेण्यास थोडा अवधी लागतो. तेवढा वेळ हवा अपुरी पडते, तेल पुरते जळत नाही आणि काजळी बाहेर पडते. म्हणजे छायाचित्रकार ज्या क्षणाची वाट पाहत फलाटाच्या टोकाशी उभा राहतो, तो इंजिनाच्या सामर्थ्याचा नसून त्याच्या क्षणिक अडखळण्याचा क्षण असतो. मग त्याला तोच का हवा असतो? कारण त्या एका क्षणात डिझेल इंजिन वाफेच्या इंजिनासारखे दिसते. आत दडलेली आग धुराच्या रूपाने बाहेर येते आणि 'आगगाडी' हा शब्द पुन्हा खरा झाल्याचा भास होतो.

ही दृष्टी उसनी आहे, आणि कोठून उसनी घेतली तेही सांगता येते. अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक ह्याने १९५५ ते १९६० ह्या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न ह्या रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांची अखेरची वर्षे चित्रबद्ध केली. रात्रीच्या अंधारात एकाच क्षणी पेटणारे अनेक दिवे लावून त्याने धूर आणि वाफ चांदीसारखी उजळविली. नंतरच्या रेल्वे छायाचित्रणावर त्याची छाप मोठी आहे. मात्र अनुकरण करणाऱ्यांनी त्याचा धूर घेतला आणि माणसे सोडून दिली. लिंकच्या उत्तम चित्रांत इंजिन बहुधा पार्श्वभूमीला असते. पुढे माणसे आपल्या नित्याच्या व्यवहारात असतात. १९५६ च्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात मोटारीत बसून चित्रपट पाहणारे प्रेक्षक आहेत आणि गाडी त्यांच्या पलीकडून जात आहे. त्यातील शोक इंजिनाचा नाही. एका गावाच्या दिनक्रमातून काहीतरी वजा होणार आहे, त्याचा तो शोक आहे. आपल्याकडील बहुसंख्य चित्रांत गाव नाही आणि दिनक्रमही नाही. तीन-चतुर्थांश कोनातून दिसणारे इंजिन, त्याच्यावर धूर आणि मागे मावळता सूर्य एवढ्यावर काम भागते.

मुंबईच्या बाबतीत हा उसनेपणा अधिकच उघडा पडतो. आधी वाफ, मग डिझेल, मग वीज असा जो क्रम ह्या चित्रांत गृहीत धरलेला असतो, तो ह्या शहराच्या मध्यभागास लागू पडत नाही. चर्नी रोडवरून जाणारी उपनगरी गाडी १९२८ मध्येच विजेवर आली. पुण्याची डेक्कन क्वीन १९३० मध्ये सुरू झाली तीही विजेवर. डिझेल इंजिने त्यानंतर काही दशकांनी आली. गिरगाव, दादर, लालबाग येथील माणसाच्या लेखी डिझेल इंजिन म्हणजे गतकाळ नव्हे; ते बाहेरगाव होय. त्याच्या दृष्टीने त्याचा सर्वांत निकटचा संबंध कोकणाशी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचे विद्युतीकरण पूर्ण झाले. ह्या मधल्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या कोकणगाड्यांना बहुधा डिझेल इंजिनच लागे. दादरच्या फलाटावर, डोक्यावर विजेच्या तारा असताना, खाली धडधडत उभे असलेले ते इंजिन म्हणजे गणपतीला गावी निघालेल्या कुटुंबाच्या बोचक्यांचा, डब्यांचा आणि आरक्षण न मिळाल्याच्या चिंतेचा एक भाग होते. हे चित्र घेण्याजोगे होते. ते मुळीच घेतले गेले नाही असे नाही; पण संग्रहांत मान मिळतो तो रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावरून जाणाऱ्या गाडीला. ती चित्रे देखणी आहेत, हे मान्य केले पाहिजे. पावसाळ्यात हिरव्या दरीवर उमटलेला धूर तेथे निदान चढणीवरच्या खऱ्या श्रमाचा असतो. तरीही त्यांतील बरीचशी चित्रे दिनदर्शिकेच्या पानापलीकडे जात नाहीत.

शोकाला पर्याय म्हणून एक दुसरी पद्धती विचारात घेण्यासारखी आहे. जर्मनीतील बेर्न्ड व हिल्ला बेखर ह्या दांपत्याने १९५९ पासून खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या अशा वास्तूंची छायाचित्रे ढगाळ प्रकाशात, समोरून, एकाच अंतरावरून घेतली आणि ती ओळींनी शेजारी शेजारी मांडली. त्यांत धूर नाही, सूर्यास्त नाही. पाहणाऱ्याला करण्यासारखे एकच काम उरते, ते म्हणजे तुलना. ही पद्धत डिझेल इंजिनांना लावली तर एक विलक्षण गोष्ट घडेल. बेखरांच्या टाक्या मुळातच भिन्न होत्या. डब्ल्यूडीएम-२ मात्र एकाच साच्यातून निघालेले. त्यामुळे ओळीत जे भेद दिसतील ते जन्माचे नसून नंतरच्या आयुष्याचे असतील: कोणत्या शेडने कोणता रंग दिला, कोठे जाळी बदलली, कोठे पत्र्याला ठिगळ लावले. एका शब्दाची निरनिराळ्या बोलींतील रूपे मांडून त्याचा प्रवास शोधावा, तसा हा प्रकार होय.

ह्या मांडणीत परळचे स्थान मध्यवर्ती ठरते. लोअर परळचा पश्चिम रेल्वेचा कारखाना डब्यांचा. परळचा मध्य रेल्वेचा कारखाना इंजिनांचा. जीआयपी रेल्वेने १८७९ मध्ये उभारलेल्या ह्या कारखान्याने वाफेची इंजिने दुरुस्त केली आणि पुढे डिझेल इंजिनेही. ठरावीक मुदतीने इंजिन येथे येई, त्याचे यंत्र सुटे केले जाई, घासले-पुसले जाई, झिजलेले भाग बदलले जात आणि नवा रंग लावून ते बाहेर पडे. बाहेर पडताना त्याच्या अंगावर दुरुस्तीचा कारखाना आणि तारीख लिहिली जाई. क्रमांक आणि शेडचे नाव तर असेच. प्रकारनामही लिहिलेले असते आणि त्याला स्वतःचे व्याकरण आहे: पहिले अक्षर रुळांच्या रुंदीचे, दुसरे इंधनाचे, तिसरे कामाचे. ज्या इंजिनाचे सर्व अवयव झाकलेले आहेत, त्याचे चरित्र असे त्याच्या कातडीवर लिहिलेले असते. धुराच्या चित्रात नेमका हाच मजकूर अंधारात जातो किंवा वेगामुळे पुसट होतो.

ह्या दोषाचा सर्व भार छायाचित्रकारावर टाकणे न्याय्य होणार नाही. कारखान्यात आणि शेडमध्ये परवानगीवाचून कॅमेरा नेता येत नाही. हौशी माणूस फलाटावर, पुलावर किंवा रुळांच्या कडेला उभा राहतो आणि तेथून इंजिनाचे निघणेच तेवढे दिसते. त्याचे उघडणे, सुटे होणे, पुन्हा जुळणे दिसत नाही. शैलीचा प्रश्न येथे प्रवेशाचा प्रश्न होतो. पण त्याचा परिणाम असा की, परळ-लालबागच्या चाळींतून ज्या कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या माणसे कामाला गेली, त्यांच्या हातांची नोंद ह्या प्रचंड चित्रसंग्रहात फारच थोडी सापडते. गिरण्यांच्या बाबतीत १९८२ च्या संपानंतर जे घडले ते येथे आठवते: बंद फाटकाची आणि उभ्या राहिलेल्या धुराड्याची चित्रे पुष्कळ निघाली, चालू साच्याची त्यामानाने थोडी.

चित्रांनी जे राखले नाही ते कधी कधी भाषेने राखलेले असते. १९२८ च्या सुमारास जीआयपीवर आलेल्या मालवाहू विजेच्या इंजिनांचा सांधेदार घाट स्वित्झर्लंडमधील ज्या इंजिनांशी मिळताजुळता होता, त्यांना तिकडे 'मगर' म्हणत. इकडच्या रेल्वे कामगारांनी त्याच घाटाला 'खेकडा' म्हटले. समुद्रकाठच्या माणसांना मगरीपेक्षा खेकडा अधिक परिचयाचा, एवढेच कारण पुरेसे वाटते. असे नाव देण्यासाठी यंत्राशी रोजचा सहवास लागतो. त्या इंजिनांची जी छायाचित्रे आज पाहावयास मिळतात, त्यांच्याखाली बहुधा इंग्रजी वर्गनाम असते, क्वचित एखाद्या गव्हर्नराचे नाव असते. 'खेकडा' हे नाव अपवादानेच. डिझेल इंजिनांच्या चित्रांखालीही क्रमांक आणि गाडीचे नाव एवढेच लिहिण्याची रीत पडली आहे. शेडमधील फिटर त्याला काय म्हणत होता, कोणता बिघाड कोणत्या नावाने ओळखला जात होता, हे विचारून लिहून घेणे अजून शक्य आहे. ती माणसे निवृत्त झाली असली तरी बोलती आहेत.

ह्या सर्व चित्रांत एक संच विशेष लक्ष वेधून घेतो. २०१८ मध्ये वाराणसीला आल्को घराण्यातील दोन जुन्या मालवाहू डिझेल इंजिनांचे रूपांतर करून दहा हजार अश्वशक्तीचे विजेचे जोडइंजिन तयार करण्यात आले. त्याच्या छायाचित्रांत धूर नाही. लांबट जुनी पेटी, तिच्यावर नवा रंग आणि पूर्वी जेथून काजळी निघत असे त्या छतावर तारेला टेकणारा पँटोग्राफ, एवढेच दिसते. शोकाच्या ठरीव भाषेत ह्या चित्राला जागा सापडत नाही, कारण त्यात मेलेले कोण आणि जिवंत कोण हे ठरविता येत नाही. आणि संग्राहकांनी ते विक्षिप्त म्हणून बाजूस ठेवलेले दिसते. वस्तुतः त्या पेटीची जुनी चित्रे, तिच्यावरील दुरुस्तीच्या तारखांसह, ह्या नव्या चित्राशेजारी ओळीने मांडली पाहिजेत.