जग बुडाल्यानंतरची खोली : ‘अधांतर’कडे पुन्हा पाहताना

जग बुडाल्यानंतर मागे उरलेली माणसे एकमेकांवर सत्ता कशी चालवतात, हे सांगणाऱ्या कादंबऱ्या पाश्चात्त्य साहित्यात पुष्कळ आहेत. अणुयुद्ध होते किंवा महामारी येते, शहरे ओस पडतात आणि उजाड सीमेवर मूठभर माणसे नवी वस्ती थाटतात, ही त्यांची ठरावीक मांडणी. मराठी वाचकाला त्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. लालबाग-परळमध्ये असे एक जग आपल्या डोळ्यांदेखत बुडाले, आणि त्यानंतरच्या वस्तीचे चित्र जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर घेऊन आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला होता. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना बोलण्याचा अधिकार नाही, आणि ज्यांना अधिकार त्यांच्यामागे कामगार नाहीत, असा तो पेच होता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता विरत गेला. ज्यांचे कोकणात किंवा घाटावर घर उरले होते त्यांतले कित्येक परतले. ज्यांचा जन्मच चाळीत झाला त्यांनी कोठे परतावे? ‘अधांतर’मधली धुरींची मुले या दुसऱ्या गटातली आहेत.

नाटकाचे बळ असे, की ही सगळी उलथापालथ ते चाळीतल्या एका खोलीत दाखवते. एक मुलगा साहित्यात गुंतलेला, दुसरा क्रिकेटमध्ये बुडालेला, तिसरा नरू टोळीच्या वाटेला लागलेला. यांतला प्रत्येक जण आपापल्या परीने एक राज्य थाटून बसला आहे. गिरणीचा भोंगा वाजत होता तोवर केवळ माणसांची वेळ ठरत नव्हती. घरातला मान कोणाचा, शब्द कोणाचा चालायचा, हेही पगाराच्या दिवशी ठरत होते. भोंगा बंद झाला आणि हे न लिहिलेले संविधान रद्द झाले. मग ज्याच्या हाती हत्यार त्याचा शब्द चालू लागतो. सीमेवरच्या वस्तीचे राजकारण याहून वेगळे ते काय असते? पवारांनी त्यावर कोणाच्या तोंडी व्याख्यान घातले नाही, हा त्यांचा संयम आम्हांला फार मोलाचा वाटतो. ज्योती सुभाष यांनी उभी केलेली आई ज्यांनी पाहिली, त्यांना या घराची पडझड निराळी समजावून सांगावी लागत नाही.

तरीही एक तक्रार आहे. ही खोली फार बंद आहे. खऱ्या गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, भजनी मंडळे होती, आणि मुख्य म्हणजे खानावळी होत्या. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या बायकांवर ही वस्ती उभी होती. सावकाराच्या पाशातून त्यांना सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पगार थांबल्यावर कोणाला उधारीवर वाढायचे आणि कोणाला नाही, हा निर्णय त्या बायकांपुढे रोज येणार. आणि तो निखळ राजकीय निर्णय आहे. टोळीवाला मुलगा नाटककाराला दिसला, तशी ही बाई दिसली नाही. एका कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्याकडे सारी वस्ती मागणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे इतकेच, की पडझडीनंतर माणसे एकमेकांना धरूनही राहिली, आणि तेही तितकेच नाट्यमय होते.

याच नाटकावर महेश मांजरेकरांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपट काढला. त्याने खोलीचे दार उघडले खरे, पण बाहेर दिसल्या त्या बहुतेक गोळ्याच. गिरणीमालकांचे जमिनीचे मनसुबे त्याने दाखवले, हे मात्र त्याच्या पदरात टाकायला हवे. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे पडणार होते : पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघायला २०१२ साल उजाडले. नाटक आले तेव्हा यांतले बरेचसे घडायचे होते. त्यामुळे ते आज पुन्हा पाहताना त्या बंद दारामागे काय शिजत होते याची जाणीव, पात्रांना नसली तरी, प्रेक्षकाला सतत होत राहते.

जयंत पवार ऑगस्ट २०२१मध्ये गेले. खानावळवालीला मध्यभागी बसवणारे एक नाटक आम्हांला त्यांच्याच लेखणीतून हवे होते. तिच्या वहीतली उधारी त्यांनी नीट वाचली असती.