शूटिंगवाला आणि साक्षी

आज आम्ही अशा एका कलाप्रकाराबद्दल बोलणार आहोत ज्याच्यावर कुणी समीक्षा लिहीत नाही. नाटकावर लिहितात, सिनेमावर लिहितात. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांवरही आता प्रबंध होतात, आणि ते चांगलंच आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीत घरटी एक तरी सापडेल अशी फिल्म म्हणजे लग्नाची. तिचा निर्माता नवरीचा बाप, कलावंत सगळे नात्यातले आणि दिग्दर्शक कोण, तर शूटिंगवाला. त्याला बोलावताना आपण पॅकेज विचारतो, ड्रोन आहे का विचारतो. तो काय टिपणार आणि काय पुसणार, हे विचारत नाही.

हे आम्हाला फार उशिरा सुचलं, म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न १९९१ च्या मे महिन्यात मूलला झालं. व्हीएचएसचा जमाना. एक माणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन आणि दुसरा त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरून. बाहेर चंद्रपूरचं ऊन, आत हॅलोजन. नवरीच्या चेहऱ्यावरची हळद घामानं ओघळते आहे हे कॅसेटमध्ये स्वच्छ दिसतं. आमची आई ब्रह्मपुरीकडची. झाडीबोलीतली हळदीची गाणी तिला तोंडपाठ होती. आजूबाजूच्या चार गावांत हळद असली की तिला बोलावणं यायचं. तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये आई दोनदा दिसते. दुसऱ्या वेळी ती गाते आहे. ओठ हलतात, बायका मागे धरतात, एक काकू हसतात. आणि ऐकू काय येतं, तर 'मैने प्यार किया'मधलं गाणं! दोन वर्षांपूर्वीचा सिनेमा, तेव्हा प्रत्येक कॅसेटमध्ये तोच वाजायचा.

आम्ही नंतर त्या स्टुडिओवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, जनरेटरचा आवाज येत होता, पोरं रडत होती. खराब आवाज काढून टाकला, मिक्सिंग चांगलं करून दिलं." आणि मूळ कॅसेट? ती दुसऱ्या लग्नाला वापरली. त्याच्या हिशेबानं त्यानं काम नीट केलं होतं. आई १९९८ मध्ये गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, हा तुमचा खाजगी शोक झाला, यात समीक्षा कुठे? सांगतो.

आपल्याकडे लग्नाला साक्षी लागतो. अग्नी साक्षी, देवाब्राह्मण साक्षी, पंच साक्षी, गाव साक्षी. प्रत्यक्ष पाहणारा तो साक्षी, असा या शब्दाचा अर्थ पाणिनीनेच बांधून दिला आहे. अद्वैत वेदान्त त्यापुढे जातो: साक्षी पाहतो, पण त्यात हात घालत नाही. त्याच्या पाहण्यानं घटना बदलत नाही. शूटिंगवाल्याला आपण बोलावतो ते साक्षी म्हणून. आणि तो येऊन काय म्हणतो? "दादा, हार परत घाला. ताई, जरा इकडे बघा, हसा."

इथे जे. एल. ऑस्टिन आठवतो. १९५५ मध्ये त्यानं हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपानं आली. काही वाक्यं वर्णन करत नाहीत, कृती करतात, हे सांगताना त्यानं दिलेल्या पहिल्या उदाहरणांत लग्नात उच्चारायचे शब्द आहेत. ते शब्द बोलणं म्हणजेच लग्न करणं. पण तेच शब्द नट रंगमंचावर बोलला तर ते पोकळ होतात. मग हार दुसऱ्यांदा घातला तेव्हा काय झालं? पहिला हार लग्नाचा होता, दुसरा नाटकाचा. आणि गंमत बघा, फिल्ममध्ये राहतो तो दुसराच, कारण पहिल्याच्या वेळी मामाचं डोकं मधे आलं होतं.

कायद्याला त्यानं फरक पडत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमात सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. आठव्यांदा कॅमेऱ्यासाठी चाललात तरी हरकत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उलट बाजूनं सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही. पण आमचा मुद्दा कायद्याचा नाही. ज्या क्षणी दोघांनी एकमेकांकडे बघायचं, त्या क्षणी दोघं तिसऱ्याकडे बघतात. अंतरपाट दूर होतो आणि नजर लेन्सकडे जाते. एवढंच.

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. शूटिंगवाल्याजवळ एक साचा असतो आणि तो हिंदी सिनेमाचा आहे. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला, तेव्हापासून तर लग्नाची फिल्म आणि लग्नावरची फिल्म यांत फरकच उरला नाही. नवरीची एंट्री, वरमाला, जूते चुराना, विदाई. आता आपल्या या दोन जिल्ह्यांत लग्नं किती तऱ्हेची होतात? चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतरच्या पिढ्यांची लग्नं पांढऱ्या वस्त्रांत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे, त्रिशरण-पंचशील घेऊन, थोड्या वेळात होतात. साधेपणा हाच त्या विधीचा अर्थ. शूटिंगवाल्याला त्या वीस-पंचवीस मिनिटांत 'मटेरियल' मिळत नाही, म्हणून तो धूर सोडतो आणि अनार लावतो. वंदना चालू असताना अनार! आम्ही समोर बसलो होतो.

आणि धानोऱ्याकडच्या एका गावातलं गोंडांचं लग्न. तिकडे पुष्कळ ठिकाणी लग्न नवरदेवाच्या गावी लागतं. नवरीकडचे लोक तिला घेऊन येतात. तालुक्याहून आलेला पोरगा सारखा विचारत होता, "फेरे कधी आहेत? विदाई कधी आहे?" एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "बाबू, ते तुमच्यात." अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागूच होत नाही, कायद्यानं त्यांची रीत त्यांच्याकडे ठेवली आहे. कॅमेऱ्यानं नाही ठेवली. फिल्ममध्ये शेवटी नवरीला जीपमध्ये बसवून रडवलेली विदाई आहे. ती जीप गावाच्या बाहेर जाऊन परत आली.

पण न्यायानं बोलायचं तर त्याच फिल्ममध्ये आम्ही पाहिलेला सर्वात सुंदर तुकडाही आहे. रात्री रेला सुरू झाला. हातात हात गुंफून मोठं कडं, मध्ये ढोल. कड्याला समोरची बाजू नसते, नायक-नायिका नसतात. म्हणून जमिनीवरचा कॅमेरा तिथे गोंधळतो, कुणाला धरावं कळत नाही. त्या पोरानं ड्रोन वर नेला. वरून ते कडं हळूहळू फिरताना दिसतं, शेकोटीच्या उजेडात, सगळं एकसारखं. त्याला कुणी शिकवलं असेल? नऊ सेकंद आहेत फक्त. वर पंजाबी गाणं.

या पोरांना आम्ही दोष देतो असं समजू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी हळदीला आलेला पोरगा रात्री वरात संपेपर्यंत उभा असतो, त्याची पंगत सर्वात शेवटची, आणि अर्धे पैसे पेनड्राइव्ह दिल्यावर. त्याला जे मागतात ते तो देतो. नवरीच्या मैत्रिणी मोबाइलवर कुणाची तरी रील दाखवतात आणि म्हणतात, अस्सं पाहिजे. झाडीपट्टीत लोक रात्रभर बसून नाटक पाहतात, एखादं पद आवडलं की पुन्हा म्हणायला लावतात. नटाला तिथल्या तिथे कळतं काय पोचलं. शूटिंगवाल्याला प्रेक्षक भेटतच नाही. टीझर बघून अंगठे येतात, तेवढंच. तीन तासांची फिल्म कुणी पूर्ण पाहिली का हे त्याला कधी कळत नाही.

मग मागायचं काय? एक तर मूळ फुटेज मागा, मूळ आवाजासह, आणि ते बोलणी होतानाच लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात अशी तरतूद आहे की कुणी मोबदला देऊन त्याच्या सांगण्यावरून फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसताना पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे मालकी तुमची आहे. (आता पैसे बापानं दिले तर नवरीच्या अश्रूंचा मालक बाप होतो, हा प्रश्न राहतोच. पैसे अर्धे अर्धे द्या, म्हणजे निदान भांडता येईल!) दुसरं, म्हाताऱ्या माणसांची यादी द्या, नावानिशी नाही तर बोट दाखवून. शूटिंगवाल्याला आत्याबाई कोण हे माहीत नसतं. तो दागिने आणि स्टेज बघून ओळखतो.

आम्ही हे करून पाहिलं. गेल्या वर्षी त्याच बहिणीच्या मुलीचं लग्न चंद्रपूरला झालं. पोरगा हुशार होता. आम्ही त्याला म्हणालो, हळदीच्या वेळी एक कॅमेरा तिवईवर ठेव, हलवू नको, बंद करू नको, वर गाणं टाकू नको. तो हसला. "आजोबा, हे कोण पाहणार?" पण त्यानं ठेवला. पेनड्राइव्हमध्ये 'एक्स्ट्रा' नावाच्या फोल्डरात ती फाइल आहे, ४७ मिनिटांची. एक मावशी गातात, मधेच ओळ विसरतात, मागून कुणीतरी सांगतं, पुन्हा चूक होते, सगळ्या हसतात. मग लाइट जाते. पडदा पूर्ण काळा. गाणं थांबत नाही, नऊ-दहा मिनिटं अंधारात चालू राहतं, एखादी बांगडी वाजते, कुणीतरी "हळदीची वाटी सांभाळा व" म्हणतं.

बहिणीनं त्यानंतर १९९१ ची कॅसेट, जी आम्ही नागपूरहून संगणकावर उतरवून आणली होती, ती आवाज बंद करून लावली आणि बाजूला ही नवी फाइल. आईचे ओठ आणि मावशींचे शब्द जुळतात का ते ती दोन दुपारी पाहत बसली होती. पहिल्या दोन ओळी जुळतात असं ती म्हणते. आम्ही पाहिलं, आम्हाला काही जुळताना दिसलं नाही. तिला तसं सांगितलं नाही.